पिंपळवेढ्याची ओ

मेहरीन शेख नगरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत गावांवर लिहायची. दर आठवड्याला एक गाव. वस्ती किती, पाणी कुठलं, देऊळ कुणाचं, दर्गा कुणाचा, शाळा कितवीपर्यंत, गावातलं कोण शिकून कुठं गेलं. आणि शेवटच्या परिच्छेदात, गावाला वाईट वाटणार नाही अशा बेतानं, गावाची एखादी अडचण. एकसष्ट गावं लिहून झाली होती. मध्येच जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण एसटीत लोक अजून ‘एक नगर द्या’ म्हणूनच तिकीट मागत, आणि मेहरीनही तसंच मागायची.

तिचे वडील शमशेरभाई घड्याळं दुरुस्त करायचे. लहानपणी रात्री माळ्यावर काही खुडबुडलं की ते म्हणायचे, “आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी कशाला तरी घासतंय. बघून ये.” मेहरीन बघून यायची. उंदीर असायचा, नाहीतर पत्रा. छत्तीस वर्षांची झाली तरी तिची बघून यायची सवय गेली नव्हती, आणि तिच्या लिखाणात एकही ‘असे म्हणतात’ नसायचं.

जानेवारीत ती पिंपळवेढ्याला गेली. कोल्हारला एसटीतून उतरली आणि सहा आसनी रिक्षात बसली. रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं जावं लागलं, आणि पाचटाचा धूर कपड्यांना चिकटला. प्रवरा तिथं एक मोठं वळण घेते आणि गावाला तीन बाजूंनी धरून ठेवते, म्हणून गावाच्या नावात वेढे. खाली कोल्हापुरी बंधारा होता. त्याच्या पाणी अडवायच्या फळ्या दिवाळीतच टाकलेल्या, त्यामुळं वळणात पाणी तुडुंब आणि हिरवं.

सहादेव गुरुजी टोपी सारखी करत स्टँडवर उभे होते. एकतीस वर्षं याच शाळेत शिकवून निवृत्त झालेले, बोलायला शुद्ध, चालायला भराभर. त्यांनी तिला गाव दाखवलं. मारुतीचं देऊळ, लिंबाखालचा पीर, ज्याच्या उरुसाचा पहिला मान पाटलांच्या घराचा. दूध डेअरी. सातवीपर्यंतची शाळा. ऊस, कांदा, गाईंसाठी घास. तरणी माणसं चाकणला, शिर्डीच्या हॉटेलांत, काही आखाती देशांत. “अकराशे चाळीस वस्ती,” गुरुजी म्हणाले. “त्यातले गावात झोपतात सातशे.”

मेहरीनला वाक्य आवडलं. तिनं ते टिपून घेतलं.

घाटावर पोचले तेव्हा अकरा वाजले होते. काळ्या दगडाच्या सतरा पायऱ्या होत्या आणि चार बायका धुणं धूत होत्या. समोर, पाण्यापलीकडं, दोन पुरुष उंचीची काळी दरड होती आणि तिच्यावर वेड्या बाभळींचं रान. त्या बाजूला ना वस्ती होती, ना शेत.

बायकांतली एक, हमिदा खाला, गावात बांगड्या भरणारी, चादर पिळून ताठ झाली. तिनं हात पदराला पुसले, तोंडाशी धरले आणि हाक मारली, “शाहरूऽख!”

“ओ,” पलीकडून आलं.

जवान पोराचा आवाज. थोडा वैतागलेला, जेवता जेवता कुणी हाक मारावी तसा. हमिदा खालानं मान हलवली आणि पुढची चादर उचलली. थोड्या वेळानं दुसरीनं हाक मारली, “पूनेऽ!” आणि एका बाईची ओ आली.

‘पलीकडे कामाला गेलेली मुलं,’ असं मेहरीननं वहीत लिहिलं. मग तिला पलीकडं कुणीच दिसेना.

“शाहरुख कुठं आहे?” तिनं विचारलं.

“बहरीनला,” गुरुजी म्हणाले.

“सुट्टीवर आलाय?”

“नाही. बहरीनलाच आहे.” गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली. “ताई, हे तुम्ही छापू नका. इथं आपल्या माणसाला हाक मारली की तो कुठंही असो, पलीकडून त्याची ओ येते. माणूस जिवंत असला पाहिजे, एवढंच. आमच्या आज्याच्या आज्यापासून चालत आलंय. शास्त्र काही नाही. दिवसाउजेडी हाक मारायची, ज्यानं त्यानं आपल्याच माणसाला मारायची.”

“पण फोन आहेत ना आता?”

उत्तर हमिदा खालानं दिलं, कपडे आपटता आपटता. “फोनवर मानूस खोटं बोलतंय, म्याडम. बरा हाय म्हनतंय. ओ मदी कळतंय ताप हाय का न्हाई.”

मेहरीन हसली नाही. गावाच्या श्रद्धेला हसायचं नाही हा तिचा नियम होता. पण बघून यायचं हाही नियम होता. तिनं गुरुजींना विनंती केली, बंधाऱ्यावरून पलीकडं गेली आणि काटे चुकवत दरडीवर चढली. शेळ्यांच्या लेंड्या, वाळलेलं कुसळ, एक फाटकी चप्पल. दरडीत ना कपार ना भोक. तिथून घाट समोर स्पष्ट दिसत होता. ठरल्याप्रमाणं दोघांनी आपापल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, गुरुजींनी हात वर केला आणि पुण्यात नर्स असलेल्या आपल्या लेकीला हाक मारली.

“पूजाऽ!” हाक पाण्यावरून स्वच्छ आली.

मेहरीन ऐकत राहिली. बाभळीत वारा होता. कुठंतरी टिटवी ओरडली. बाकी काही नाही. पण घाटावर गुरुजींचा चेहरा सैल पडला, चारही बायकांनी एकदम माना डोलावल्या, आणि हमिदा खाला कशाला तरी हसली.

परत आल्यावर तिनं दोन्ही मोबाईल शेजारी ठेवून रेकॉर्डिंग ऐकली. तिच्या मोबाईलमध्ये हाक, वारा आणि टिटवी होती. घाटावर ठेवलेल्या गुरुजींच्या मोबाईलमध्ये हाक होती, आणि मग एका मुलीचा घाईतला आवाज, “ओ.” तिनं तो सहा वेळा ऐकला. आवाज पलीकडून येत होता, पण पलीकडं नव्हता. शमशेरभाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून म्हटलं असतं, पुन्हा बघून ये.

जेवणाची सोय पंकजाकडं होती. गावात पाहुणा आला की गुरुजी तिच्याकडंच सांगत, कारण तिच्या हातच्या पिठल्याला चव होती आणि तिला तेवढंच चार माणसांत बोलायला मिळायचं. एकतीस वर्षांची, सडपातळ, गळ्यात मेजरमेंटची टेप. पडवीत शिलाईचं मशीन होतं आणि दोरीवर गावभरचे ब्लाऊज. घरात दुसरं माणूस म्हणजे तिची सासू राहीबाई. सत्तरीची, चण इतकी बारीक की भिंतीला टेकून बसली की दिसायची नाही. तिनं मेहरीनला आग्रह करकरून भाकरी वाढली, स्वतः अर्धी खाल्ली, आणि पावणेतीनला घोंगडीचं बसकर काखेत मारून बाहेर पडली.

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत पंकजा दारात उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, “म्याडम, तुमी ओ ऐकली ना?”

“ऐकली.”

“नांदायला आले तवा मलाबी खोटं वाटलं हुतं.” ती मशीनवर बसली, पण पाय चालवला नाही. “माझा नवरा आसाराम. टेम्पो हुता आमचा. पाच वर्सांमागं डाळिंबं घिऊन सुरतला गेला. माल पोचला. टेम्पो येताना नाशकाच्या पुढं एका ढाब्याच्या आवारात उभा सापडला, चावी तशीच. मानूस न्हाई. पोलिसांनी लई शोधला. काय सुदीक न्हाई.”

मेहरीननं पेन खाली ठेवलं.

“आत्याबाई रोज तीनला घाटावर जातात. परत येतात आन म्हनतात, झाली ओ. येवढंच. त्या टायमाला घाटावर दुसरं कुनी थांबत न्हाई. बायका धुनं तसंच सोडून वर येत्यात. न्हाई आली ओ, तर ते आपल्या कानांनी कशाला ऐकायचं म्हनून. गाव तसं लई मायेचं हाय आमचं.”

“आणि तुम्ही?”

“मी येकदाबी हाक मारली न्हाई. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हनून न्हाई, त्ये जुनं झालं.” तिनं एका ब्लाऊजचा सुटलेला दोरा दातानं तोडला. “ओ आली तर त्यो जिता हाय, आन मला टाकून गेला. न्हाई आली तर त्यो गेला. दोन्हीतलं कुठलं मागू, तुमीच सांगा.”

मेहरीननं उघडी वही मिटली.

“माहेरचे म्हनतात, सात वर्सं झाली की कोर्ट मेला धरतंय, मग तुझं दुसरं बघू. कोर्ट न्हाई म्हननार, आन नदी व्हय म्हननार. मी कुनाचं ऐकू?” पंकजानं तिच्याकडं सरळ बघितलं. “तुमी परक्या. तुमाला कुनी काय म्हननार न्हाई. तुमी तेवढं ऐकून या. खरं काय ते मला सांगा.”

असल्या गोष्टीत पडायचं नाही, हे मेहरीनला माहीत होतं. तरी ती उठली.

घाट रिकामा होता. पायऱ्यांवर अर्धवट धुतलेली दोन पातळं तशीच पडली होती, साबणाचा फेस उन्हात वाळत होता. वरच्या अंगाला पाण्याच्या मोटारीची खोली होती. मेहरीन तिच्या भिंतीआड उभी राहिली. राहीबाई खालून तिसऱ्या पायरीवर बसकर टाकून बसली होती. पाय पाण्यापासून वीतभर. पाणी हलत नव्हतं.

तीन वाजले. तीन वाजून सात मिनिटं झाली. राहीबाईनं हाक मारली नाही.

मग ती म्हणाली, “ओ.”

मोठ्यानं नाही. घरातल्या घरात कुणी हाक मारली की देतात तशी. थोडा वेळ गेला.

“ओ रं. हाय मी. हितंच हाय.”

मेहरीनला एकदम सगळं उमगलं. म्हातारी स्वतःच ओ देत होती. पाच वर्षं. रोज येऊन बसायचं, हाक मारायची हिंमत करायची नाही, आपणच ओ द्यायची आणि घरी जाऊन सांगायचं, झाली. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. ती मागं फिरली, आणि तिच्या चपलेखालून एक खडा सुटून टणटण करत पायऱ्यांवरून पाण्यात गेला.

राहीबाईनं वळून बघितलं. रागावली नाही. “ये बाई,” म्हणाली. “तितं ऊन लागतंय. ये हितं.”

मेहरीन जाऊन तिच्या शेजारी बसली. दगड तापला होता.

“पंकीनं धाडलं व्हय?”

“हो.”

“मंग बरं झालं.” राहीबाई पाण्याकडं बघत होती. “टेम्पो घावला त्याच्या चवथ्या दिशी मी हितं आले. हाक मारली. गप. परत मारली. गप. समद्या गावाला ओ येती, मलाच न्हाई. कळलं मला, बाई. आईला न्हाई कळनार तर कुनाला?”

“मग रोज येऊन स्वतःच ओ कशाला देता?”

“मीच देते की. मलाच द्याया पायजे.” तिनं मेहरीनकडं असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि एवढं कसं कळत नाही. “हाक त्यो मारतोय.”

पाण्यावरून एक बगळा संथ उडत गेला.

“सा म्हैन्यांनी मारली पयल्यांदा. असंच तीनचं ऊन हुतं. ‘आये’ म्हनला. तुटका आवाज, टेम्पो चालवून चालवून झालेला, तसाच. मी दिली ओ. आईच हाय, तोंडातनं गेलीच. तवापून रोज.”

“मला काही ऐकू आलं नाही,” मेहरीन म्हणाली. आपला आवाज इतका हळू का आला हे तिला कळलं नाही.

“तुला कसं येईल? तुजं कोन लागतोय त्यो? ओ समद्यांना ऐकू येती. हाक ज्याची त्यालाच.” राहीबाई पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. “पन आवाज ल्हान हुत चाललाय त्याचा. दुसऱ्या वर्साला मिसरूड फुटतानाचा झाला, घोगरा. मंग साळंत जायचा तवाचा. औंदा बोबडं बोलतोय. र म्हनता येत न्हाई त्याला. काल म्हनला, ‘आये, भाकल.’”

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. हिशेबानं सांगत होती, वासराचं वय सांगावं तसं.

“आनि येक वर्स. मंग बोलायचं सपंल, नुसता रडंल. मंग तेबी न्हाई. तवर कुनी ओ द्याया नगं का? लेकरू हाक मारतंय आन आईनं गप बसायचं?”

मेहरीननं घड्याळाकडं बघितलं, कारण दुसरीकडं कुठं बघावं हे तिला सुचेना. तीन वीस.

“पंकजाला का नाही सांगितलं? तो गेला म्हणून?”

“तिला सांगितलं आन तिला त्याची हाक ऐकू आली तर? तीबी हितं यिऊन बसंल. येकदा ओ दिली की रोज द्यावी लागती, बाई. उठता येत न्हाई. माजं काय, मी पिकलं पान. तिचं वय हाय का हितं बसायचं?”

“ती बसलीच आहे, आजी,” मेहरीन म्हणाली. “घाटावर नाही, घरात. तुम्ही रोज ‘झाली ओ’ म्हणता आणि ती रोज विचार करते, जिवंत आहे तर मला का टाकलं. पाच वर्षं.”

राहीबाईचा चाळा थांबला.

“असं वाटतं व्हय तिला?” ती म्हणाली. “मला वाटायचं, कुकू ऱ्हातंय कपाळावर, तेवढंच बरं वाटत आसंल.”

उठताना तिला हात द्यावा लागला. वर येताना मध्येच थांबून ती म्हणाली, “गेला म्हनून सांगते मी. पन हाकंचं तेवढं तिला बोलू नगं. तुला तुज्या आल्लाची आन हाय.”

मेहरीननं मान डोलावली.

पडवीत मशीन चालू होतं. राहीबाई उंबऱ्यातच उभी राहिली. “पंकजे, आसाराम गेला. मागंच गेला. त्याची ओ कवाच आली न्हाई. मी खोटं बोलत हुते.”

पंकजानं हातातली शिवण शेवटपर्यंत नेली. दोरा कापला. ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला, घडी घातली. “कवा?”

“पयल्याच वर्सी.”

ती मशीनवर डोकं टेकून रडू लागली, आणि चाक अर्धा फेरा उलटं फिरून थांबलं. राहीबाई तिच्याजवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं पंकजा म्हणाली, “म्हंजी टाकून न्हाई गेला मला.” आणि रडता रडता तिच्या तोंडावर काहीतरी असं आलं, की मेहरीनला तिथं उभं राहवेना. ती अंगणात जाऊन चपला घालत बसली.

पिंपळवेढ्यावरचा लेख छापून आला. त्यात नदीचं वळण होतं, पाटलांचा पहिला मान होता, ‘गावात झोपतात सातशे’ होतं. अडचण म्हणून बंधाऱ्याच्या गंजलेल्या फळ्या होत्या. घाटाबद्दल एक ओळ होती, की तो काळ्या दगडाचा आहे आणि त्याला सतरा पायऱ्या आहेत.

पण गाव तिला सुटलं नाही. पंकजा फोन करायची, आधी पंधरवड्यानं, मग आठवड्याला. राहीबाईनंच सुनेसाठी स्थळ शोधलं. सोनईचा हर्षल, गॅरेजवाला, बायको बाळंतपणात गेलेली. “सासू सुनंचं लगीन लावती, असं गावानं कवा बघितलं न्हाई,” पंकजा हसत म्हणाली. तिचं हसणं मेहरीनला नवीन होतं. दिवाळीनंतरची तारीख धरली. राहीबाई म्हणाली होती, लेकीसारखं पाठवीन, भांड्यांवर नाव घालून.

“आत्याबाई अजून घाटावर जातात?” मेहरीननं एकदा विचारलं.

“जातात की. मला वाटलं आता बंद करतील. सवय लागलीय.” फोनमधला मशीनचा आवाज थांबला. “हल्ली तितं बसून अंगाई म्हनतात. लोकं म्हनत्यात, वय झालं.”

मेहरीननं त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

भाद्रपदात राहीबाई गेली. सकाळी उठलीच नाही. ना ताप, ना खोकला. मेहरीन दशक्रियेला गेली. पंधरा दिवस पाऊस लागून राहिलेला, बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्या, प्रवरा गढूळ आणि भरलेली. घाटाच्या वरच्या सहाच पायऱ्या उघड्या होत्या. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. “म्हातारीचं काय मागं ऱ्हायलं नव्हतं,” हमिदा खाला म्हणाली. गुरुजींनी टोपी काढून हातात धरली होती.

जेवणं उरकली. दुपारी ऊन पडलं. पंकजा मेहरीनला म्हणाली, “चला वाईच घाटावर. आत्याबाईंचं बसकर नदीत सोडायचंय.”

खाली दोघी बायका भांडी घासत होत्या. पंकजाला बघून त्यांनी भांडी गोळा केली आणि मुकाट वर निघून गेल्या. तेव्हा मेहरीनच्या ध्यानात आलं की तीन वाजायला आलेत.

“लवकर सोडा आणि चला,” ती म्हणाली.

पंकजानं वाकून घोंगडीचा तुकडा पाण्यावर ठेवला. तो क्षणभर तिथंच फिरला, मग धारेला लागला. ती त्याच्याकडं बघत उभी राहिली.

“त्यांच्यासाठी येक पातळबी घिऊ दिलं न्हाई कवा त्यांनी मला,” ती म्हणाली. “म्हनायच्या, तू तुजं घे.”

मेहरीननं तिच्या दंडाला धरलं. “चला.”

पंकजानं मान वळवली. पलीकडं. दरड निम्मी पाण्यात होती.

“पलीकडं कुनाचं बिऱ्हाड उतरलंय का?”

“नाही. का?”

“लेकरू रडतंय.”

मेहरीननं कान दिला. पाण्याचा घों घों आवाज. बाभळी. बस.

“तान्हं हाय,” पंकजा म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली. “कवाचं रडतंय. कुनी घेत कसं न्हाई त्याला?”

“पंकजा, वर चला.”

“थांबा.” तिनं बोट वर केलं. ऐकत राहिली. हळूहळू तिची आठी गेली आणि चेहरा मऊ झाला. “गप झालं. घेतलं कुनीतरी.”

पाणी वाहत होतं. बसकर वळणापलीकडं गेलं होतं. मेहरीनच्या मनात आलं, संपलं. जिचं लेकरू तिच्याजवळ गेलं. तिला रडू येईल असं वाटलं, आणि बरंही वाटलं. तिनं पंकजाचा दंड सोडला आणि एक पायरी वर चढली.

मागून पंकजाच्या बांगड्या वाजल्या.

मेहरीननं वळून बघितलं. पंकजा पलीकडं तोंड करून ताठ उभी होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. चुलीपाशी असताना पडवीतून सासूनं नेहमीच्या आवाजात ‘पंकजे’ म्हणावं आणि आपण हातातलं काम ठेवावं, तशी ती उभी होती. तिचं तोंड उघडत होतं.

मेहरीन पायरी उतरली. तिचा हात आधी पोचला.

तिनं पंकजाचं तोंड तळव्यानं घट्ट दाबून धरलं. तिला काहीच ऐकू आलं नाही, ना पलीकडून, ना अलीकडून. फक्त तळव्याला पंकजाचे ओठ लागले. ते गोल झाले होते, आणि तळवा ओलसर, गरम झाला होता.